नागपूरच्या उन्हाळ्यात नेलपॉलिश: बुडबुडे का येतात, पापुद्रे का निघतात

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घर नागपूरला, मे महिन्यात बहिणीचं लग्न, आणि एरवी छान बसणारं नेलपॉलिश एप्रिल लागला की बिघडतं. लावतानाच ब्रश ओढल्यासारखा होतो, वाळल्यावर बारीक बुडबुडे दिसतात, रात्री चादरीचे ठसे उमटतात आणि दोन-तीन दिवसांत रंगाचा पापुद्रा सुटतो. कूलरसमोर हात धरूनही उपयोग होत नाही. बाटली फ्रिजमध्ये ठेवावी का आणि सरळ जेल पॉलिश करून घ्यावं का, हेही तुम्ही विचारलंय.

फ्रिज आणि जेल दोन्हींवर पुढे लिहिते. आधी मूळ अडचण. तुम्हाला वाटतंय की उकाड्यामुळे पॉलिश वाळत नाही, म्हणून तुम्ही ते लवकर वाळवायला बघताय. प्रत्यक्षात वरचा भाग फारच लवकर वाळतोय आणि आतला ओलाच राहतोय. तापलेल्या दुधावर साय धरते तसं होतं: वर पातळ पापुद्रा, खाली सगळं ओलं.

हे का होतं ते कळलं की पुढचे उपाय पाठ करावे लागत नाहीत. साध्या नेलपॉलिशमध्ये थर बनवणारं नायट्रोसेल्युलोज, तो नखाला धरून ठेवणारं रेझिन, थर लवचिक ठेवणारे प्लास्टिसायझर आणि रंगद्रव्य असतं, आणि हे सगळं मुख्यतः इथाइल अ‍ॅसिटेट आणि ब्युटाइल अ‍ॅसिटेट या द्रावकांमध्ये, म्हणजे विरघळवणाऱ्या द्रवांमध्ये असतं. द्रावक उडून गेले की नखावर जो थर उरतो, तेच आपलं पॉलिश. इथाइल अ‍ॅसिटेट 77 अंश सेल्सियसला उकळतं, ब्युटाइल अ‍ॅसिटेट 126 अंशांना. म्हणजे पहिलं झटकन उडतं, दुसरं सावकाश. जोडी मुद्दामच अशी निवडलेली असते. पहिल्यामुळे रंग ओघळत नाही, दुसऱ्यामुळे ब्रशच्या रेषा मिटायला आणि अडकलेली हवा बाहेर पडायला वेळ मिळतो. खोलीच 38-40 अंशांवर असेल तर दोन्ही घाईने उडायला लागतात. रेषा मिटायच्या आत वर पापुद्रा धरतो. खालचा द्रावक आणि हवा तिथेच अडकतात आणि बुडबुडे दिसतात. अडकलेल्या द्रावकामुळे थर आतून कित्येक तास मऊ राहतो, म्हणून चादरीचे ठसे.

आता कूलर. नागपुरात उन्हाळ्यात घरोघरी तोच असतो, आणि ‘कूलरसमोर हात धरला की वाळतं’ हा सर्रास सांगितला जाणारा सल्ला मला सगळ्यात घातक वाटतो. एक तर त्याचा झोत जोराचा, त्यामुळे पापुद्रा आणखी लवकर धरतो. दुसरं असं की मेच्या दुपारी बाहेरची हवा रखरखीत कोरडी असली तरी कूलरच्या ताट्यांतून येणारी हवा चांगलीच दमट असते. द्रावक उडताना थराचा पृष्ठभाग थंड होतो. त्यावर दमट हवा आदळली की हवेतली वाफ तिथे ओलावा होऊन बसू शकते. मग रंगावर दुधट झाक येते, चकाकी जाते आणि थर कमजोर होतो. पावसाळ्यात कूलरशिवायही हे घडतं. उन्हाळ्यात आपण ते विकत घेतो.

मग लावायचं कुठे आणि कधी? हे तुमच्या घरावर अवलंबून आहे. एसी असेल तर प्रश्न बराचसा सुटतो: 25 ते 27 अंशांवर खोली आधी थंड करून घ्या आणि झोत हातावर येणार नाही अशा जागी बसा. फक्त कूलर असेल तर खोली अर्धा तास आधी थंड करा, खिडकी उघडी ठेवा म्हणजे दमटपणा साठणार नाही. बसायच्या आधी कूलर बंद करून पाच-दहा मिनिटं जाऊ द्या, किंवा शेजारच्या खोलीत झोताबाहेर बसा. नुसता पंखा असेल तर सकाळी सहा ते आठ ही वेळ सोन्याची. दुपारी बारा ते पाच हात लावू नका, नवतपात, म्हणजे मेअखेरच्या त्या सगळ्यांत तापलेल्या नऊ दिवसांत, तर अजिबातच नाही. त्या वेळी गच्चीखालच्या खोलीतल्या भिंतीसुद्धा तापलेल्या असतात. पंखा लावताना बंद, आणि शेवटचा थर लावून दहा मिनिटं झाल्यावर अगदी हळू. उजेडासाठी खिडकीजवळ बसा, पण ऊन नखांवर पडू देऊ नका.

स्वयंपाकघरात किंवा देवघरात मात्र बसू नका. हे द्रावक पटकन पेट घेणारे आहेत आणि गरम हवेत त्यांची वाफ जास्त होते. पेटलेला गॅस किंवा समई जवळ असेल तर हा खरा धोका आहे. खोलीत हवा खेळती हवी, फक्त तिचा झोत नखांवर नको.

बाटलीकडे वळू. तुमचा ब्रश ओढला जातोय यावरून पॉलिश घट्ट झालेलं असणार. उन्हाळ्यात प्रत्येक वेळी झाकण उघडलं की एरवीपेक्षा जास्त द्रावक उडतो, आणि बाटलीच्या गळ्यावर रंग सुकून बसलेला असेल तर झाकण घट्ट बसत नाही. मग बंद बाटलीतूनही गळती चालूच राहते. तपासायची सोपी रीत: ब्रश बाहेर काढून उभा धरा. टोकाला थेंब जमून दोन-तीन सेकंदांत सुटला तर ठीक. थेंब न सुटता तार निघाली तर पॉलिश घट्ट आहे. 10 मिलीच्या बाटलीत नेलपॉलिश थिनरचे दोन थेंब टाका, तळव्यांमध्ये बाटली फिरवा, पाच मिनिटं थांबा आणि पुन्हा बघा. गरज वाटली तर आणखी एक थेंब. एकदम पाच-सहा थेंब टाकले तर रंग फिका आणि थर विरविरीत होतो.

थिनरऐवजी रिमूव्हर टाकायचा मोह होतो, कारण तो घरात असतोच. टाकू नका. रिमूव्हर बहुधा अ‍ॅसिटोनचा असतो. अ‍ॅसिटोन 56 अंशांनाच उकळतं, म्हणजे इथाइल अ‍ॅसिटेटपेक्षाही घाईने उडतं. शिवाय रिमूव्हरमध्ये पाणी, तेल, सुगंध असं काहीबाही मिसळलेलं असतं. बाटली त्या दिवशी पातळ दिसेल, पण नखावरची तुमची अडचण वाढेल. हार्डवेअरच्या दुकानातला रंगाचा थिनरही चालत नाही. त्यातले द्रावक नखांसाठी आणि श्वासासाठी नसतात. नेलपॉलिश थिनर म्हणूनच विकला जाणारा घ्या, सीताबर्डीच्या किंवा इतवारीच्या सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानांत विचारा. आणि जी बाटली दिवसभर उन्हात मांडून ठेवलेली असते ती कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका.

बाटली जोरजोरात हलवायची सवय असेल तर ती सोडा. हलवल्यावर पातळ पॉलिशमधली हवा वर येऊन निघून जाते, घट्ट पॉलिशमधली तिथेच राहते आणि थेट नखावर उतरते. तळव्यांमध्ये वीस-तीस सेकंद फिरवा, मग दोन-तीन मिनिटं उभी ठेवा.

फ्रिजचं उत्तर यातच आहे. थंड बाटलीतलं पॉलिश घट्ट होतं, त्यामुळे थर जाड बसतो. आणि जाड थर हेच तर उन्हाळ्यातलं मूळ दुखणं आहे. थंडगार बाटली लगेच उघडली तर आत दव धरायची भीती वेगळी. साठवणीसाठी फ्रिजचं दार चालेल, झाकण पक्कं असेल तर. पण वापरायच्या दीड-दोन तास आधी बाहेर काढून, न उघडता, खोलीच्या तापमानाला येऊ द्या. माझं मत विचाराल तर फ्रिजची गरजच नसते. कपाटाचा खालचा कप्पा किंवा माठाजवळची सावलीची जागा पुरते. बाटली तापलेली वाटली तर झाकण घट्ट लावून माठातल्या पाण्याच्या वाटीत दहा मिनिटं उभी ठेवा आणि कोरडी पुसूनच उघडा. स्कूटीच्या डिकीत, गाडीत, खिडकीच्या कट्ट्यावर बाटली राहता कामा नये. उष्णतेने ती घट्ट होते आणि उन्हाने निऑन, गुलाबी रंग उडतात, पांढरा पिवळट पडतो.

आता नख. पापुद्रा सुटतो म्हणता, तेव्हा तो कसा सुटतो ते आधी नीट बघा, कारण तीन वेगळ्या गोष्टींना आपण एकच नाव देतो. अख्खा थर सालीसारखा एकसंध निघत असेल तर तो नखाला चिकटलेलाच नव्हता: खाली तेल, घाम किंवा ओल होती, किंवा बेस कोट, म्हणजे रंगाखालचा पारदर्शक थर, नव्हता. फक्त टोकाला कपचे उडत असतील तर थर जाड आहे किंवा नखाची धार रंगाने बंद केलेली नाही. आणि रंगासोबत नखाचाच पातळ पदर निघत असेल तर दोष पॉलिशचा कमी, नखाचा जास्त. पाण्याने नख फुगतं, वाळलं की आकसतं. नागपूरच्या कोरड्या हवेत हे चक्र दिवसातून अनेकदा चालतं. उन्हाळ्यात त्यात वाळवणाची भर पडते. कुरडयांचा चीक, सांडग्यांचं पीठ यात हात तासन्‌तास ओले आणि मग एकदम कोरडे. अशा नखांवर कोणतंही पॉलिश टिकत नाही. त्यांना दोन आठवडे रंगाशिवाय ठेवा, कापून आखूड करा, रोज रात्री खोबरेल तेल चोळा आणि भांडी घासताना हातमोजे घाला. नखाचा रंगच बदललेला असेल, दुखत असेल, ते जाड होत असेल किंवा मुळापासून उचललं जात असेल, तर रंगाने झाकू नका, त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

तुमच्या वर्णनावरून पहिला प्रकार वाटतो, म्हणून तयारीवर जोर द्या. अंघोळीनंतर किंवा भांड्यांनंतर लगेच बसू नका, तास-दीड तास जाऊ द्या. नखं एकाच दिशेने घासून आकार द्या. वरचा पृष्ठभाग खरखरीत करायच्या भानगडीत पडू नका, त्याने नख पातळ होतं. मग हात साबणाने धुवायचे नाहीत. कापसावर साधा अ‍ॅसिटोन किंवा औषधाच्या दुकानातलं आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन प्रत्येक नख पुसायचं, कडा आणि टोकाखालचा भागसुद्धा. ‘पोषण देणारा’ तेलकट रिमूव्हर या कामाला चालत नाही, तो स्वतःच तेलाचा थर सोडतो. घाम नखातून येत नाही, बाजूच्या कातडीतून येतो, म्हणून हाताखाली कोरडा सुती रुमाल ठेवा. पुसल्यावर नखांना बोट लावू नका आणि पावडर तर अजिबात नको.

प्रत्यक्ष लावताना सगळं लक्ष पातळ थराकडे. बेस कोट पातळ, दोन-तीन मिनिटं थांबा. मग रंग: ब्रशची एक बाजू बाटलीच्या गळ्यावर पूर्ण पुसा, दुसऱ्या बाजूला लहानसा थेंब राहू द्या. तो थेंब नखाच्या मधोमध, मुळाच्या कातडीपासून जेमतेम 1 मिमी अंतरावर टेकवा, किंचित मागे ढकला आणि एका दमात टोकापर्यंत ओढा. मग डावी बाजू, उजवी बाजू. तीन ओढींत नख झालं पाहिजे, फार तर चार. गरमीत दहा-पंधरा सेकंदांतच वर पापुद्रा धरू लागतो. त्यानंतर सुधारायला गेलात की तो फाटतो आणि गुठळी होते. कुठे नख उघडं राहिलं तर राहू द्या, दुसरा थर ते झाकेल. पहिला थर विटका, पट्ट्यापट्ट्यांचा दिसणं अगदी योग्य आहे. तो एकाच थरात गडद दिसावा म्हणून जाड लावणं, इथेच बहुतेक जणींचं बिघडतं.

दोन थरांमध्ये थंड खोलीत तीन मिनिटं, गरम खोलीत पाच. तुम्हाला हे उलटं वाटेल, कारण गरम खोलीत बोट लावलं तर कोरडं लागतं. पण ते वरचं कोरडेपण आहे. आतल्या द्रावकाला बाहेर पडायला जास्त वेळ द्यावा लागतो. दोन पातळ थर पुरतात, फिका रंग असेल तर तीन. शेवटी टॉप कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर. रंग आणि टॉप कोट दोन्ही वेळा ब्रशचं टोक नखाच्या धारेवरून आडवं फिरवा, म्हणजे धार बंद होते. झटपट वाळणारा टॉप कोट वापरत असाल तर हे फारच महत्त्वाचं. तो वाळताना आकसतो आणि धार बंद नसेल तर रंगाला टोकापासून मागे खेचतो. अशा टॉप कोटची बाटलीही सगळ्यांत आधी घट्ट होते. झाकण उघडं ठेवून गप्पा मारू नका.

इथवरचं एका दमात: थंड आणि स्थिर हवा, पातळ पॉलिश, तेल-पाण्याविना नख, पातळ थर, मध्ये थांबणं. यातलं एक जरी सुटलं तरी महागातली बाटली तुम्हाला वाचवत नाही.

रंगाची निवडही फरक पाडते. पांढरा आणि पेस्टल रंग उन्हाळ्यात सगळ्यांत अवघड. त्यांत टिटॅनियम डायऑक्साइड हे पांढरं रंगद्रव्य भरपूर असतं, पॉलिश घट्ट असतं आणि पट्टे, बुडबुडे लगेच दिसतात. मोतिया चमकेच्या रंगांत ब्रशची प्रत्येक रेघ राहते. मरून, डाळिंबी, वांगी असे क्रीम रंग किंवा जवळजवळ पारदर्शक गुलाबी सांभाळून घेतात. ग्लिटर हवंच असेल तर एकाच बोटावर.

लावून झाल्यावरचा काळ बहुतेक जणी विसरतात. दहा-पंधरा मिनिटांत नख हाताला कोरडं लागेल, पण थर पूर्ण कडक व्हायला अर्धा दिवस, कधी पूर्ण दिवस जातो. तेवढ्या वेळात उष्णतेने तो पुन्हा मऊ पडतो. म्हणून झोपायच्या आधी लावू नका; मध्ये किमान तीन-चार तास हवेत. गरम वरणभात हाताने कालवायचा असेल तर जेवण आधी उरका. आणि मेमध्ये दुपारी गच्चीवरच्या टाकीतून नळाला येणारं पाणी चटका बसण्याइतकं तापलेलं असतं. त्या पाण्यात पहिल्याच दिवशी भांडी घासलीत तर केलेलं सगळं वाया जातं. बर्फाच्या पाण्यात बोटं बुडवायची युक्ती सांगतात. त्याने वरचा भाग तेवढ्यापुरता कडक होतो, आतला द्रावक काही उडत नाही. आणि थर ओला असताना बुडवलंत तर दुधट झाक येऊ शकते. हेअर ड्रायर नकोच. वाळवायचे थेंब मिळतात, ते घर्षण कमी करतात आणि ठसे टाळतात, शेवटी टाकायला हरकत नाही.

दोन गोष्टी पॉलिश नकळत खराब करतात. डास पळवणाऱ्या मलमांत डीईईटी असेल तर ते पॉलिश चक्क मऊ करतं, कारण ते स्वतःच प्लास्टिक विरघळवणारं आहे. काही सनस्क्रीनमुळे फिके रंग पिवळट पडतात. दोन्ही लावल्यावर नखं ओल्या कापडाने पुसून घ्या.

जेलबद्दल थोडक्यात. जेल हवेने वाळत नाही, दिव्याच्या किरणांनी घट्ट होतं, म्हणून वरचा पापुद्रा, ठसे हा त्रास त्यात नाही. पण उकाड्यात जेल पातळ होऊन कडेच्या कातडीवर ओघळतं, आणि तिथूनच ते उचललं जायला सुरुवात होते. कातडीला लागत राहिलं तर त्यातल्या घट्ट होणाऱ्या घटकाची, म्हणजे अ‍ॅक्रिलेटची अ‍ॅलर्जी जडू शकते, आणि ती जडली की सहसा आयुष्यभर राहते. म्हणून घरच्या घरी स्वस्त दिवा आणून करू नका. करायचंच तर हात बसलेल्या व्यक्तीकडून करा आणि काढताना खरवडू देऊ नका. नख पातळ असेल तर मी साधं पॉलिशच सुचवेन.

राहिलं लग्न. क्रम असा ठेवा: मेंदी, मग हळद, आणि शेवटी नेलपॉलिश. हळदीचा डाग फिक्या पॉलिशला धरतो, तो सहज जात नाही. मेंदीवर निलगिरीचं तेल लावतात, रंग चढावा म्हणून साखर-लिंबू लावतात. ते नखांवर राहिलं तर वरचं पॉलिश सालीसारखं निघतं. नखं पुसताना मात्र अ‍ॅसिटोन बोटांच्या मेंदीला लागू देऊ नका, ती तिथे फिकी पडू शकते. माचिसच्या काडीला घट्ट कापूस गुंडाळा, अ‍ॅसिटोनमध्ये बुडवून निथळा आणि फक्त नख पुसा. मेंदीने नख केशरी झालं असेल तर फिका रंग मळकट दिसेल. बहिणीसाठी मरून किंवा लालच घ्या. हळद संध्याकाळी असेल तर रात्री घाईत उरकू नका. लग्नाच्या सकाळी मुहूर्ताच्या चार-पाच तास आधी, बाहेरची हवा तापायच्या आत लावा आणि रंगाची आणि टॉप कोटची बाटली पर्समध्ये ठेवा. टोकाला कपचा उडालाच तर तिथे रंगाचा एक पातळ फटकारा, तीन मिनिटं थांबून वर टॉप कोट. अख्खं नख पुन्हा करायची गरज नाही. आणि लग्नाच्या आठवडाभर आधी एका बोटावर हाच क्रम तुमच्याच खोलीत, त्याच वेळी करून बघा. बुडबुडे आले तर आधी बाटलीचा थेंब तपासा, मग हवेचा झोत. साल निघाली तर नख पुसण्यात कमी पडलंय.